पेटीत कागद टाकायची परवानगी

माझी पुतणी पुण्यात एका कंपनीत सर्व्हरचं काम बघते. गेल्या गणपतीत घरी आली तेव्हा आरतीची घंटा वाजली तरी मांडीवरचा लॅपटॉप खाली ठेवेना. मी विचारलं, "कसलं एवढं अडलंय गं?" तर म्हणाली, "काका, एफटीपी सर्व्हरवर परवानग्या लावतेय. बाहेरच्या लोकांना एका फोल्डरमध्ये फाइल टाकता आली पाहिजे, पण आत बाकीच्यांचं काय पडलंय ते दिसता कामा नये. टाकलेलं परत काढता कामा नये, दुसऱ्याच्या फाइलवर आपली चढवता कामा नये. टाकू दिलं तर बघायलाही मिळतंय, बघायचं बंद केलं की टाकायचंही बंद होतंय. तीन दिवस झाले."

मी म्हणालो, "एवढंच ना? फळ्यांची एक पेटी कर. वर फट ठेव आणि कुलूप लाव."

तिनं माझ्याकडे म्हाताऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग मात्र मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मोदक गार झाले, वहिनी रागावल्या, पण पोरगी शेवटपर्यंत उठली नाही. तेच थोडं नीटनेटकं करून इथं लिहितो आहे.

सत्तरच्या दशकात मी मिरजेतल्या एका इस्पितळात रेकॉर्ड क्लार्क होतो. नाव सांगत नाही. मिरजेत इस्पितळांना तोटा नाही, तेव्हा तुमच्या डोक्यात जे आलं असेल ते नव्हे, एवढं समजा. रेकॉर्डची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. छतापर्यंत लाकडी मांडण्या आणि त्यांत नंबरवार फाइली. पेशंट पहिल्यांदा आला की त्याला नंबर मिळायचा आणि मरेपर्यंत तोच राहायचा. डॉक्टरनं काय लिहिलं, रक्त-लघवीत काय निघालं, एक्स-रेत काय दिसलं, कुठलं औषध सोसलं नाही, हे सगळे कागद त्या एका फाइलीत. डॉक्टर रोज शंभर माणसं बघणार, त्याला कुणाचा चेहरा आठवणार? तो फाइल बघतो आणि फाइल सांगेल ते करतो. म्हणून फाइलीत चुकीचा कागद गेला की माणूसच चुकला. हे काम बाहेरून बघणाऱ्याला मास्तरांनी हजेरी मांडण्याइतकं सोपं वाटायचं. आमच्या सासुरवाडीला तर शेवटपर्यंत मी इस्पितळात रद्दी लावतो असंच वाटत होतं.

मी रुजू झालो तेव्हा त्या खोलीत कुणीही यायचं. वॉर्डाचा शिपाई यायचा, लॅबवाला यायचा, पेशंटचा मेहुणा यायचा. मेहुण्याला काय, फाइल सापडली की त्यात काही ना काही ठेवल्याशिवाय चैन पडायचं नाही. मी फाइलींतून काय काय काढलंय सांगू? अंगाऱ्याच्या पुड्या तर रोजच्याच. खंडोबाचा भंडारा सांडून तीन पिढ्यांचे एक्स-रे पिवळे झालेले मी पाहिले आहेत. एकदा पत्रिका निघाली, सोबत चिठ्ठी: 'गुरुवारी ऑपरेशन करू नये, राहूची दृष्टी आहे.' एका तालमीच्या वस्तादांनी आपल्या पठ्ठ्याच्या फाइलीत खुराकाचा तक्ताच लावून ठेवला होता आणि वॉर्डातल्या नव्या सिस्टरनं तो डॉक्टरांचा हुकूम समजून पोरासाठी स्वयंपाकघरातून चार लिटर दूध मागवलं होतं.

इथपर्यंत हसून सोडता आलं. पण मलकापूरच्या एका किराणा दुकानदाराच्या फाइलीत लॅबवाल्यानं घाईत दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट सरकवला. या भल्या माणसाला मधुमेह ठरला. त्यानं पोटच्या पोरीच्या लग्नात जिलबीला हात लावला नाही, चहा बिनसाखरेचा घेतला आणि आपलं आता काही खरं नाही म्हणून दुकान भावाच्या हवाली केलं. महिन्यानं खरं काय ते कळलं तेव्हा तो इस्पितळात येऊन माझ्यापुढे जो काही बोलला, ते छापण्यासारखं नाही. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर जिलबीची परातच मागितली असती.

त्याच आठवड्यात मी मेट्रनबाईंकडे गेलो आणि परवानगी काढली. औषधांची खोकी येत, त्यांच्या फळ्यांतून सुतारानं पेटी केली. वर फट अशी, की कागद जाईल, हात जाणार नाही. पेटी खोलीबाहेर भिंतीला ठोकली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. लॅब, एक्स-रे आणि वॉर्डच्या सिस्टर यांनी कागदावर आपापली खूण करायची आणि तो पेटीत टाकायचा. एकदा टाकला की परत काढता येणार नाही, दुसऱ्याचा बघता येणार नाही. मी पेटी दुपारी बाराला आणि चारला उघडणार, नंबर ताडून बघणार, मगच कागद फाइलीत लावणार. खूण नसेल तो कागद बेवारस म्हणून बाजूला. आणि खोलीत माझ्याशिवाय कुणी यायचं नाही.

पुठ्ठ्यावर एक तक्ताही करून भिंतीवर लावला. आडव्या ओळीत माणसं, उभी तीन घरं: कागद टाकणार कोण, काढणार कोण, बघणार कोण. डॉक्टरांपुढे एक बरोबरची खूण, सिस्टरपुढे एक, लॅबपुढे एक, अशी सगळी वाटणी. सगळ्यात खाली 'पेशंट व नातेवाईक' लिहिलं होतं आणि त्यांच्यापुढे तिन्ही घरांत लाल शाईनं फुली. पेटीवर पाटी लावली: 'परवानगीशिवाय या पेटीत कागद टाकू नये. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, ते लिहिलं नव्हतं. माझाच होता.

वर्षभरात एकही कागद चुकला नाही. सांगलीच्या दोन इस्पितळांतली माणसं पेटी बघायला येऊन गेली. मला सगळे 'रेकॉर्ड' म्हणूनच हाक मारू लागले आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, मी जरा फुगलोच होतो.

तर एका मंगळवारी सकाळी साडेआठला खिडकीशी एक गृहस्थ उभे राहिले. पन्नाशीचे, ताठ, पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा आणि पायात मिलिटरीचे चकचकीत बूट. फौजेतून निवृत्त झालेला माणूस आमच्याकडे लांबूनच ओळखू येतो.

"साहेब, येवढा एक कागद फाइलीत ठेवायचा व्हता," ते म्हणाले.

"कुणाच्या फाइलीत?"

"पेशंटच्या."

"कोण पेशंट? वॉर्ड कुठला?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाव न सांगता ठेवता येत न्हाई का? डागदरनं वाचला म्हंजी झालं."

असली माणसं मी रोज बघत होतो. मला वाटलं, अंगारा नसेल तर पत्रिका असणार. मी सांगितलं, "नातेवाइकांना फाइलीत काही ठेवता येत नाही. वॉर्डात सिस्टरकडे द्या, त्या खूण करून पेटीत टाकतील."

"सिस्टरकडं देता येत असतं तर हितं कशाला आलो असतो?"

"मग मला काही करता येत नाही. ती बघा पाटी." आणि मी खिडकी लावून घेतली. लागल्याचा आवाज जरा जास्तच झाला, हेही मला आठवतंय.

नऊनंतर ऑपरेशन थिएटरमधून चिठ्ठी आली. त्या दिवशी यादीत तीन ऑपरेशनं होती. पहिल्या पेशंटला ताप भरला म्हणून ते रद्द झालं होतं आणि तिसरी होती तिला पहिली घेतली होती. वैशाली नावाची, एकोणीस वर्षांची, अपेंडिक्सची. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, सासर तासगावच्या बाजूचं. फाइल नवीच होती, आत जेमतेम पाच कागद. मी ती शिपायाच्या हाती दिली आणि चहाला निघालो.

बाहेर येतो तो ते गृहस्थ पेटीसमोर उभे. हातात तो कागद, दोन्ही टाचा जुळलेल्या, नजर पाटीवर. पाऊण तास ते तिथंच उभे होते.

"अजून इथंच?" मी म्हणालो. "टाकायचा होता तर टाकायचा. मी काय बघत होतो?"

"पाटी हाय न्हवं," ते म्हणाले. "परवानगी न्हाई म्हणून लिवलंय. बावीस वर्सं नोकरी केली साहेब, हुकूम मोडून कवा कायबी केलं न्हाई."

माझ्या त्या दीड वितीच्या पाटीचा एवढा मान माझ्या खात्यातल्या कुणी ठेवला नव्हता. मी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, "हवालदारसाहेब, आहे तरी काय त्यात?" हवालदार हा हुद्दा मी अंदाजानं म्हणालो आणि तो बरोबर निघाला.

मग ते बोलले. गाव कराडजवळ. नोकरीत असताना बायको-मुलीसह उत्तरेकडे होते. मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या घशातल्या गाठी काढायला फौजी दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या वेळी गुंगी दिली की अंग सैल पडावं म्हणून एक इंजेक्शन देतात. चार-पाच मिनिटांत त्याचा असर उतरतो आणि माणूस आपला आपण श्वास घेतो. पण क्वचित एखाद्याच्या रक्तातच असं काही असतं की तो असर उतरतच नाही, छाती हलायची बंद होते. या पोरीचं तसं झालं. दोन डॉक्टरांनी आळीपाळीनं रबरी पिशवी दाबून तिला संध्याकाळपर्यंत श्वास दिला, तेव्हा ती वाचली. डॉक्टरनं एक कार्ड लिहून बापाच्या हातात दिलं आणि सांगितलं, हिचं पुन्हा कुठलंही ऑपरेशन असलं तर आधी हे दाखवायचं, नाहीतर पोरगी हातची जाईल.

"मग हे वॉर्डात का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"कसं सांगू? लग्न ठरवताना सांगितलं न्हाई आमी. पोरीला काय दुखणं हाय म्हटल्यावर सोयरीक कोण करतंय? तिच्या आईनं शपथ घातली. आता तिची सासू खाटंशेजारनं हलंना. काल रात्री आलो, तर ईनबाईंनी मलाच च्या पाजला. डागदर आलं तवाबी त्या हुब्या. म्हटलं, कागद गपचिप फाइलीत गेला तर डागदर वाचंल, पोरगी वाचंल आन् घरबी ऱ्हाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिसरा नंबर हाय तिचा. दहापातूर वाट बघायची, न्हाईतर ईनबाईंच्या फुडं जाऊन सगळं वकायचं, आसं ठरवूनच आलोय. पोरीपरीस काय मोठं हाय?"

मी कार्ड हातात घेतलं. इंग्रजीत, दणकट अक्षरात लिहिलेलं. औषधाचं नाव मला समजलं. पेशंटचं नाव होतं शालन.

"शालन नावाचं आज कुणी नाही यादीत," मी म्हणालो.

"माहेरचं नाव त्ये. लग्नात बदललं. आता वैशाली."

आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात आणि जुनं तिथंच संपतं. म्हणजे त्या माणसानं हुकूम मोडून कार्ड पेटीत टाकलं असतं, तरी मी दुपारी ते काढून 'शालन नावाचा पेशंट नाही, खूणही नाही' म्हणून बेवारसात ठेवलं असतं. हे तेव्हा मला सुचलं नाही. तेव्हा एवढंच कळलं की वैशालीची फाइल मी आत्ताच थिएटरला धाडली आहे.

मी पळालो. अंगानं मी तेव्हाही पळण्याजोगा नव्हतो. थिएटर पहिल्या मजल्यावर. दाराबाहेर फरशीवर लाल पट्टी, तिच्यापलीकडे बाहेरच्या माणसानं पाऊल टाकायचं नाही. तिथं एक सिस्टर उभी होती, तिनं हात आडवा केला.

"अहो रेकॉर्ड, कुठं निघालात?"

"कार्ड आहे. आतल्या पेशंटचं. आत्ता द्यायला पाहिजे."

"कागद ना? मग पेटीत टाका की. तुमचाच नियम आहे." ती हसत होती. चेष्टेनंच म्हणाली बिचारी.

मी आयुष्यात बाईमाणसावर आवाज चढवलेला नाही, पण त्या दिवशी चढवला. पायांतल्या चपला तशाच, लाल पट्टी ओलांडून मी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. आतून गुंगी देणारे डॉक्टर तोंडाची पट्टी न काढताच बाहेर आले, डोळे लाल करून. मी कार्ड त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"हिच्या फाइलीत हे का नाही?" ते म्हणाले.

"दिलंय का ते इंजेक्शन?"

"भरून ठेवलंय. हातात घेणार होतो." आणि ते कार्ड घेऊन आत गेले.

मी तिथंच पायरीवर बसलो. मनात एकच शब्द होता, सुटलो. ती पोरगी सुटली हे नंतर सुचलं. आधी मी सुटलो, असंच वाटलं. माणूस आतून कसा असतो ते लपवण्यात अर्थ नाही. मागून हवालदार जिना चढून आले. मी मान हलवली. त्यांनी खाडकन सलाम ठोकला आणि मग भिंतीकडे तोंड करून फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

डॉक्टरांनी कमरेत सुई देऊन तेवढाच भाग बधिर केला आणि ऑपरेशन पार पडलं. दुपारी त्यांनी मला बोलावलं. "कार्ड तुमच्याकडे आलं कधी?" असं विचारलं. साडेआठला, मी म्हणालो. ते घड्याळाकडे बघत बसले. "कदाचित आम्ही तिला हातानं श्वास देत वाचवलीही असती," ते म्हणाले. "कदाचित." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मी सुताराला बोलावून जुन्या पेटीशेजारी दुसरी पेटी ठोकून घेतली. हिच्यात कुणीही कागद टाकावा, नाव सांगा न सांगा, खूण असो नसो. मात्र टाकलेलं परत काढता येणार नाही आणि दुसऱ्याचं दिसणार नाही. ही पेटी मी दर अर्ध्या तासानं उघडणार, कागद कुणाचा ते स्वतः फिरून शोधणार आणि डॉक्टरांना दाखवून मगच फाइलीत लावणार. अंगाऱ्याच्या पुड्या येतील, येऊ देत. दहा पुड्यांमागं एक कार्ड निघालं तरी माझी फेरी फुकट नाही. पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काका, मला नेमकं हेच करायचंय." मी म्हणालो, कर की मग. मला एक दिवस लागला, तोही सुतार उशिरा आला म्हणून.

नव्या पेटीचा रंगही वाळला नव्हता, तोवर एक बाई आल्या. धिप्पाड, हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. पेटीपुढं उभ्या राहून मला म्हणाल्या, "हितं कोनबी कागद टाकावा म्हंत्यात, खरं हाय का?"

"हो. कुणाचा आहे?"

"आदी ऐका. मी त्या वैशालीची सासू. काल आमचं ईवाई कागद घिऊन तुमच्याकडं आलं हुतं, ठावं हाय मला. परवा रात्री आलं तवापासनं त्येंच्या बंडीच्या खिशात सारका हात चालला हुता, मला दिसत न्हाई व्हय? मी मुद्दाम च्या घिऊन बसवलं, म्हटलं आता बोलत्याल, मग बोलत्याल. न्हाई बोललं."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही तिला काही..."

"काय करनार हाय मी? परत धाडनार? गुनाची पोर हाय ती. आन् झाकलं तर झाकलं. आमीबी झाकलंय." त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. "माझ्या ल्योकाला ल्हानपनी फिट येत व्हती. बारा वर्सं झाली, आली न्हाई. पर हे त्या डागदरचं लिवनं हाय. उद्या पोरंबाळं व्हत्याल, डागदरला ठावं असलेलं बरं. टाकू का?"

"टाका."

त्यांनी कागद फटीतून सोडला, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "पर ईवायास्नी सांगू नगा हं. इज्जतीचा सवाल हाय."

त्यांचा लेक आमचा पेशंटच नव्हता. मी त्याच्या नावानं नवा नंबर काढला. कुठंही दुखत नसलेल्या माणसाची फाइल आमच्या रेकॉर्डला तीच पहिली.

टाके काढल्यावर वैशाली घरी निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिला नव्या नावाचं कार्ड लिहून दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. ते घेऊन ती माझ्या खिडकीशी आली. बारीक चणीची, डोळे शांत. मला वाटलं, आभार मानायला आली. तर ती भिंतीवरचा तक्ता वाचत होती.

"काका, ह्या तक्त्यात पेशंटफुडं फुली हाय," ती म्हणाली.

"असतेच. पेशंटला फाइल दाखवत नाहीत."

"तसंच झालं बघा माझं. बाबांना ठावं व्हतं, आईला ठावं व्हतं. मला येवढंच सांगितलेलं, घशाच्या गाठी काढल्या. अंग माझं, जीव माझा, आन् मलाच ठावं न्हाई." मग म्हणाली, "ह्यांनी मला त्येंच्या फिटचं लगीन झाल्यावर पैल्याच आठवड्यात सांगितलं. मला ठावं असतं तर मीबी सांगितलं असतं की."

म्हणजे दोन घरची वडीलधारी माणसं जे एकमेकांपासून जिवापाड लपवत होती, त्यातलं निम्मं त्या दोघांचं कधीच बोलून झालं होतं. उरलेलं निम्मं तिचं तिलाच कुणी दिलं नव्हतं. मी तिला एवढंच म्हणालो, जपून जा.

दीड वर्षानं ती बाळंतपणाला आमच्याकडेच आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण हवालदारांनी कराडात काही होऊ दिलं नाही, सरळ मिरजेला आणलं. सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी हवालदार खिडकीशी आले, मुलगी झाली तरी हातात साताऱ्याचे कंदी पेढे. पेढा देताना कानाशी वाकून म्हणाले, "ईनबाईंना त्ये कार्डाचं कळलं न्हाई न्हवं अजून?" मी म्हणालो, "माझ्याकडून तरी नाही." तासाभरानं सासूबाई आल्या, शेंगांचे लाडू घेऊन. त्याही कानाशी. "ईवायास्नी बोलला न्हाईसा न्हवं?" मी म्हणालो, छे. पेढे आणि लाडू एकाच ताटलीत ठेवून मी खाल्ले. दोन्ही उत्तम होते.

सगळ्यांत शेवटी वैशाली आली, तान्ही पोर दुपट्यात गुंडाळून. बाळाचा नंबर काढायचा होता. मी कोरी फाइल पुढे ओढली.

"काय काय लिवायचं असतंय हिच्यात?" तिनं विचारलं.

"आई-बापाचं जे काही असेल ते. नाही लिहिलं तरी चालतं."

"लिवा. माझं इंजेक्शनचं लिवा. ह्येंच्या फिटचं लिवा. कायबी ठेवू नगा." मी दोन्ही लिहिलं. ती ओळ न् ओळ खिडकीतून वाकून वाचत होती. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "ही मोठी झाली आन् हितं येऊन मागितली, तर ही फाइल हिला वाचायला मिळंल न्हवं?"

नियम तिलाही ठाऊक होता आणि मलाही. लाल शाईनं मीच लिहिला होता.

"मिळेल," मी म्हणालो. आणि ती जायच्या आत, तिच्या समोरच, खुर्चीवर चढून मी तक्त्यातल्या पेशंटच्या ओळीतली शेवटची, 'बघणार कोण' या घरातली फुली खोडली.